पोरांना ताल शिकवायचाय? पहिला महिना तबला गवसणीतच राहू द्या

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात आमच्या गल्लीत चढायला लागलं तेव्हा मी तबला-डग्गा कपाटावर ठेवला आणि आईला घेऊन बाहेर पडलो. पाणी कपाटावरून गेलं. आठ दिवसांनी घर उघडलं तर डग्ग्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, फुगून लोंबत होती, आणि तबल्याच्या शाईला, म्हणजे मधल्या काळ्या गोलाला, बोट लावलं तर ती ओल्या राखेसारखी बोटावर आली. शाई म्हणजे शेवटी लोखंडाचा बारीक चुरा आणि खळ. पाण्यापुढं तिचं काय चालणार?

ते आठ दिवस आम्ही एका शाळेच्या वर्गात काढले. बाहेर पाऊस, आत चाळीसएक माणसं आणि कंटाळून भिंतीला लाथा मारत बसलेली पोरं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यातल्या सात-आठ जणांना गोल बसवलं आणि हातावर तीनताल धरायला लावला. वाद्य नव्हतंच. घरी परतायच्या दिवशी त्यातल्या सहा जणांच्या हातात तीनतालाच्या सोळा मात्रा, म्हणजे ठोके, पक्क्या बसल्या होत्या. त्याआधी सव्वीस वर्षं मी साथ करत होतो. भजनी मंडळं, कीर्तनं, ऑर्केस्ट्रा, नाट्यगीतांचे कार्यक्रम, सगळं वाजवलं. पण वाद्याशिवाय ताल शिकवता येतो, किंबहुना आधी तसाच शिकवायचा असतो, हे मला त्या वर्गात कळलं.

आता कुस्तीच्या तालमीच्या माडीवर माझा वर्ग भरतो. बरोबरीची कलाकार मंडळी भेटली की विचारतात, आम्हालाही असं काही सुरू करायचंय, कुठनं धरायचं? त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी तबल्याचा माणूस, म्हणून उदाहरणं तबल्याची. पेटीवाल्यांनी आणि गाणाऱ्यांनी त्यातलं आपलं ते उचलावं.

जागा आणि पैसे

घरी शिकवू नका. घरात पोरं पाहुण्यासारखी बसतात आणि तुमच्या घरच्यांना दूरदर्शनसुद्धा लावता येत नाही. तालमीची माडी, देवळाचा मंडप, समाजमंदिर, काहीही चालेल. फक्त खाली सतरंजी हवी आणि आवाज घुमायला नको. तालमीत विचारायला गेलात की जुनी मंडळी हमखास म्हणतील, "गणपतीला पथक उभं करून दे मग." तिथे गोड बोलून नाही म्हणा. पथक वाईट नाही, माझी निम्मी पोरं भाद्रपदात पथकात असतातच. पण वर्ग पथकासाठी आहे असं एकदा ठरलं, की ज्या पोराचा हात दणकट ते पुढं आणि बाकीची मागं, अशी रांग लागते.

वेळ संध्याकाळी सहा ते सात. एका वेळी बारा पोरं, तेरावं घेऊ नका. फी मी महिन्याला दोनशे रुपये घेतो. ती एका डब्यात जाते आणि त्यातून पुड्या बदलतात. ज्याला जमत नाही त्याच्याकडे मागत नाही, आणि कोण देतं, कोण देत नाही हे पोरांपर्यंत जाऊ देत नाही. एवढं सांभाळा.

‘खाली’ शिकवणं सगळ्यात अवघड

पहिल्या दिवशी तुम्हाला वाजवून दाखवायचा मोह होईल. मीही तेच केलं होतं. एक दणकेबाज रेला, म्हणजे वेगवान बोलांची लड, वाजवला, पोरांनी टाळ्या पिटल्या. पुढच्या आठवड्यात चौदातली पाचच आली. हे आपल्याला कधीच जमणार नाही, असं बाकीच्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून पहिला महिना माझा तबला गवसणीतच असतो.

सुरुवात हातावर. तीनतालात पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला ‘खाली’, म्हणजे टाळीशिवायची मात्रा. मधल्या मात्रा करंगळीपासून बोटांवर मोजायच्या. टाळ्या पोरं दोन दिवसांत धरतात. गडबड होते ती नवव्या मात्रेला. तिथे हात बाजूला उलटा उघडायचा असतो, आवाज नसतो, आणि आवाज नसला की पोरं पळतात. दहावी मात्रा नवव्यावर चढते आणि तेरावीला प्रत्येकाची टाळी वेगळी पडते, लाह्या फुटल्यासारखी.

यावर मी करतो ते असं. आधी एक ते आठ मोठ्यानं मोजायचं, नऊ ते बारा कुजबुजत, तेरापासून पुन्हा मोठ्यानं. असं चार दिवस. पाचव्या दिवशी नऊ ते बारा तोंड एकदम बंद, ओठसुद्धा हलवायचे नाहीत, आणि तेराव्या मात्रेला सगळ्यांनी टाळी द्यायची. बारा जणांची मिळून एकच टाळी ऐकू आली की समजायचं, खाली बसली. माझ्या पहिल्या तुकडीला याला एकोणीस दिवस लागले. त्या दिवशी माडीखाली जोर मारणारा एक पैलवान वर येऊन विचारायला लागला, "काय फुटलं ओ?"

मग चालायचं. माडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत सोळा पावलं, समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, उजवा पाय. ज्या पोराला बसून मोजता येत नाही त्याला चालताना येतं, हे मी अनेकदा पाहिलंय. चालणाऱ्याला खाली दाखवायला सांगू नका, ते आपोआप हात उघडून दाखवतं.

इथेच माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. दुसऱ्या वर्षी एक सहावीतला मुलगा होता. दर वेळी टाळी अर्धी मात्रा आधी. एकदा चिडून मी सगळ्यांसमोर त्याला बेताला म्हणालो. शब्द साधा वाटतो, आम्ही साथीदार एकमेकांना गमतीत म्हणतो. पोरांनी तेच त्याचं नाव पाडलं. तो यायचा बंद झाला. दोनदा त्याच्या घरी गेलो, आई म्हणाली, तो बाहेरच येत नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दारातच मी त्याची माफी मागितली. तो परत आला नाही. तेव्हापासून वर्गात मी एकच वाक्य वापरतो, "परत समेवर ये." चुकलेल्याला नाव द्यायचं नाही, जागा सांगायची.

तोंडानं आधी, बोटानं मग

दुसऱ्या महिन्यात पढंत, म्हणजे तबल्याचे बोल तोंडानं म्हणणं. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. बोल तोंडात आला नाही तर बोटात येत नाही. तिरकिट म्हणताना लहान पोरांची जीभ वळत नाही, तिलकित म्हणतात. हसू नका, सुधारूही नका, लय निम्मी करा. ति, र, कि, ट, एकेका मात्रेला एकेक अक्षर. मग हळूहळू जवळ आणा. एका मात्रेत एक अक्षर, मग दोन, मग चार, हा प्रवास तोंडानं झाला की पोरांना दुप्पट-चौपट वेगळी शिकवावी लागत नाही. एका पोरीनं माझ्याकडे येऊन सांगितलं की तिला शाळेतले अपूर्णांक आता कळतात, कारण अर्धी मात्रा तिनं म्हणून बघितलीय. मी गणिताचा मास्तर नाही, पण पुढे तिहाईपाशी पोचल्यावर तीच पोरगी मला शिकवायला लागली. ते खाली येतंच आहे.

हलगी

वर्गातला एक पाचवीतला मुलगा पहिल्या दिवसापासून लयीला इतका पक्का होता की मला संशय आला. घरी कोण वाजवतं विचारलं तर कोणी नाही म्हणाला. महिनाभरानं कुणीतरी सांगितलं, त्याचे वडील हलगी वाजवतात, गावोगावच्या कुस्त्यांच्या मैदानात. पोरानं ते लपवलं होतं. का लपवलं हे मला विचारावं लागलं नाही. ज्या घरांनी हलगी जपली त्यांना आपण लग्नाच्या वरातीपुढं उभं केलं, मैदानात उभं केलं, पण माडीवर सतरंजीवर कधी बोलावलं नाही.

मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "मामा, शुक्रवारी वर्गात या आणि पोरांना शिकवा." ते म्हणाले, "मास्तर, मला तुमचं ते धा धिं येत न्हाई." मी म्हणालो, मलाही तुमचं येत नाही.

ते आले. हलगी, एक जाड काठी, एक बारीक काडी. आधी खाली अंगणात जुने पेपर पेटवले आणि हलगी त्या जाळावर धरून फिरवायला लागले. जवळ नाही, लांबही नाही. मधेच कानाशी नेऊन बोटानं टिचकी मारायचे. पहिली टिचकी मातीच्या मडक्यासारखी, दुसरी जरा चढी, चौथ्या-पाचव्या टिचकीला हलगी टणटणायला लागली. जुलै महिना होता. पावसाळ्यात तबला का उतरतो, हे मी पोरांना दोनदा सांगून थकलो होतो. कातडं हवेतली ओल पितं, सैल पडतं, स्वर खाली येतो. त्या जाळापाशी ते त्यांना कानानं कळलं, मला बोलावंच लागलं नाही.

मग त्यांनी कुस्तीची हलगी वाजवली. पैलवान खडाखडी करतात तेव्हाची संथ, आणि कब्जा घेतल्यावर चढत जाणारी. पोरं गुडघ्यांवर आली होती. मी एकच काम दिलं, लय चढली तरी टाळी सोडायची नाही. बारातली तीन टिकली. त्यातला एक त्यांचाच मुलगा, आणि त्या दिवशी तो वडिलांच्या शेजारी बसला होता.

तुमच्या गल्लीत असं कोण आहे ते शोधा. हलगीवाला असेल, दिंडीतला पखवाजी असेल, अंबाबाईच्या पालखीला जाणारा कुणी असेल. महिन्यातला एक शुक्रवार त्यांना द्या, आणि त्या दिवशी तुम्ही पोरांत बसा. मानधन द्या, आधी ठरवून द्या.

तिहाई म्हणजे गणितातलं उदाहरण

माझा सगळ्यात आवडता तास हा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पोरं पुरेशी मुरली की फळ्यावर एक तुकडा लिहितो. तिट, कत, गदि, गन, धा. पाच मात्रा. हा तीनदा म्हणायचा आणि शेवटचा धा समेवर यायला पाहिजे, हीच तिहाई. कुठून उचलायचा? उत्तर सांगायचं नाही. खडू पोरांच्या हातात द्यायचा.

पहिल्यांदा सगळी म्हणतात पाच त्रिक पंधरा, सोळातून पंधरा गेले एक, म्हणजे दुसऱ्या मात्रेपासून. म्हणून बघायला लावतो. शेवटचा धा सोळाव्या मात्रेला पडतो, समेच्या आधी. चेहरे बघण्यासारखे होतात. मग कुणीतरी ओळखतं की सम म्हणजे सतरावी धरायची. मग तिसऱ्या मात्रेपासून उचलतात. धा पडतात सातव्याला, बाराव्याला आणि समेला. ही पहिली बरोबर आलेली तिहाई पोरं रस्त्यानं म्हणत जातात, मी ऐकलंय, अगदी पापाची तिकटी चौकापर्यंत.

पुढच्या तासाला तोच तुकडा झपतालात. दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन, खाली सहाव्याला. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. पंधरा मात्रांचा तुकडा दहा मात्रांत मावत नाही, दोन आवर्तनं, म्हणजे तालाचे दोन फेरे, लागतात. अपूर्णांकवाल्या त्या पोरीनं पाटीवर वीस रेघा मारल्या, सातव्यापासून उचललं आणि म्हणता म्हणता थांबली. "सर, पहिला धा समंवरच पडतोय की! मग लोकांना वाटंल संपलं." बरोबर. पहिला धा समेवर, दुसरा खालीवर, तिसरा पुन्हा समेवर. तिनं विचारलं, हे चालतं का? मी म्हटलं, म्हणून बघ आणि तूच सांग. तिनं पहिला धा दाबून म्हटला आणि शेवटचा मोकळा. मी इतकी वर्षं वाजवतोय, पण हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

वाद्यं कधी घ्यायची

पालक दुसऱ्याच आठवड्यात विचारतात. थांबवा. बारा पोरांना तीन जोड्या पुरतात. तिघं वाजवतात, बाकीची हातावर ताल धरतात आणि पढंत म्हणतात, मग पाळी फिरते. न वाजवणाऱ्या पोरांचं शिक्षण त्या वेळी जास्त होतं, हे पालकांना समजावून सांगा. सहा महिने टिकलेल्या पोरालाच घरी तबला घ्यायला सांगा. खोड शिसवीचं असेल तर उत्तम, वजनाला भारी, बसल्या जागेवरून हलत नाही. लहान हातासाठी तोंड लहान घ्या. घेताना चाटीवर, म्हणजे पुडीच्या कडेवर, सगळीकडे बोट मारून बघा, स्वर एका जागी वर आणि दुसऱ्या जागी खाली असेल तर दुकानदाराला तिथेच मिळवून दाखवायला सांगा. मिरज इथून पन्नासएक किलोमीटर. तंबोरा आणि सतार कशी घडते हे दाखवायला पोरांना एकदा तिकडे जरूर न्या. भोपळ्याला तबली, म्हणजे वरची लाकडी फळी, चढताना पाहिलेलं पोर वाद्य ओलांडून जात नाही.

तबला सुरात मिळवायची हातोडी पहिल्या वर्षी पोरांच्या हातात द्यायची नाही.

ऐकायला न्या

देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासून आपल्या गावात आहे. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब होते, जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या गावानं जवळून ऐकली. एवढं सगळं उशाला असताना पोरं फक्त मोबाइलवर ऐकत असतील तर दोष आपला. पण थेट बडा ख्याल ऐकायला बसवू नका. विलंबित लयीत सम कुठं गेली हे भल्याभल्यांना सापडत नाही, पोर झोपणारच. आधी भजन, मग नाट्यगीत, मग द्रुत बंदिश. प्रत्येकाला एकच काम द्यायचं, समेला मांडीवर बोट टेकवायचं. आवाज नाही, मान हलवणं नाही. घरी येताना विचारायचं, किती वेळा चुकलं. पोरं खरं सांगतात.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं ते पॅलेस थिएटर, शेजारी खासबाग मैदान. गाणं आणि कुस्ती एका भिंतीला लागून. मी तिथं किती वेळा वाजवलंय याची मोजदाद नाही. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. संध्याकाळी वर्ग घ्यायचा नव्हता, पण पोरं आली. मी त्यांना एवढंच सांगितलं की १८९० मध्ये जन्मलेला हा माणूस १९२१ मध्ये गेला, एकतीस वर्षं मिळाली त्याला, आणि तेवढ्यात त्यानं ललितकलादर्श नाटक मंडळी काढली, अख्ख्या महाराष्ट्रानं त्याचं गाणं ऐकलं. मग आम्ही हातावर ताल धरून बसलो. पढंत म्हणायची नाही असं पोरांनीच ठरवलं.

परीक्षा आणि स्नेहसंमेलन

परीक्षा द्यायला हरकत नाही, पण पहिल्या वर्षी नको. प्रारंभिक या पहिल्या परीक्षेचा अभ्यासक्रम समोर आला की वर्गाची सगळी लय त्याच्याभोवती फिरते आणि चालणं, हलगी, तिहाई सगळं मागं पडतं. दुसऱ्या वर्षी ज्याला हवी त्यानं द्यावी. या परीक्षा ज्यांच्या परंपरेतून आल्या ते विष्णु दिगंबर पलुस्कर आपल्याच जिल्ह्यातले, कुरुंदवाडचे, जन्म १८७२. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरला जाऊन लोकांच्या पैशावर गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांना गाणं दरबारातून काढून घरोघरच्या पोरांपर्यंत न्यायचं होतं. प्रमाणपत्र नंतरची गोष्ट.

शाळांचं बोलावणं येतं स्नेहसंमेलनासाठी, पंधरा दिवसांत पन्नास पोरं बसवून द्या म्हणून. एका शाळेचं मी घेतलं होतं. पाठीमागे स्पीकरवर गाणं लावून पोरांनी नुसते हात हलवावेत, असं ऐनवेळी सांगितलं गेलं. मी पोरं परत आणली. पुन्हा गेलो तर लेखी ठरवून जाईन, की जे दिसेल ते पोरांनीच वाजवलेलं असेल, भले ते चार आवर्तनं का असेना.

शेवटची पाच मिनिटं

सात वाजायला पाच कमी असताना वाजवणं बंद. ही पाच मिनिटं चुकवू नका. पुडीवरची पावडर कोरड्या फडक्यानं पुसायची, ओल्या नाही. वादीखालचे लाकडी गट्टे सरकलेत का बघायचं. चुंबळ झटकून ठेवायची. तबला आणि डग्गा आपापल्या गवसणीत, नाडी बांधून, जमिनीवर नाही तर फळीवर, भिंतीपासून हातभर लांब, कारण पावसाळ्यात भिंत ओल सोडते. आमच्याकडे फळी आता डोक्याच्या वर ठोकलीय, जिथं २०१९ चं पाणी पोचलं होतं त्याच्याही वर. हे काम दर दिवशी दोन पोरांकडे असतं, पाळीपाळीनं, आणि हलगीवाल्याचा तो मुलगा आता नववीत आहे, तो नव्यांना दाखवतो नाडी कशी बांधायची. हातोडी मात्र अजून मीच मोजून खिशात घालतो.